दहा-शून्य

"जाऊ दे गं. एक तरी मिळाला."

रिक्षा भरड नाक्यावरून वळत होती आणि हे माझी किट मांडीवर घेऊन बसले होते. इतक्या वर्षांच्या संसारात यांचा टोमणा कुठला आणि समजूत कुठली, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. ही समजूत होती, म्हणूनच जास्त लागली. टेबल टेनिसच्या मॅचचा शेवटचा गेम मी ११-१ असा हरले होते, आणि तो जो एक होता, तो माझा नव्हता. १०-० वर सर्व्हिस समोरच्या मुलीकडे होती. तिनं बॉल तळहातावर घेतला, नीट वर उडवला, आणि पानात पळीभर आमटी वाढावी इतक्या अलगदपणे नेटमध्ये घातला. त्याआधी अख्ख्या मॅचमध्ये तिची एकही सर्व्हिस नेटला गेली नव्हती. अंपायरनं माझ्या बाजूचा आकडा उलटला. दोन-चार टाळ्या पडल्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून बॉल उचलला आणि पुढच्या सर्व्हिससाठी उभी राहिली. मी टॉवेलला हात पुसले आणि तो पॉइंट घेतला.

रात्री जेवताना, भांडी आवरताना, गुडघ्याला तेल चोळताना तोच बॉल डोळ्यांसमोर नेटमध्ये जात राहिला.

खरं म्हणजे मी खुल्या गटात खेळायलाच नको होतं. फॉर्म भरला होता तो व्हेटरन महिलांचा. पण त्या गटात नाव आलं एकट्या माझं. संयोजकांपैकी एक तरुण मुलगा फोनवर अवघडून म्हणाला, "काकू, गट रद्द करावा लागतोय. फी परत देऊ, की ओपनमध्ये टाकू?" फी परत घेण्याइतकी मी शहाणी असते तर अठ्ठावन्नाव्या वर्षी फॉर्म भरलाच नसता. शेजारच्या बाईंनी सकाळी फाटकाशी उभं राहून विचारलंच होतं, "वयनीनू, गुडघ्याक पट्टो बांधून खंय चल्लास?" मी म्हटलं, खेळायला. त्यांना वाटलं भजनाच्या स्पर्धेत फुगडी वगैरे असेल. मीही खुलासा केला नाही.

आमच्याकडच्या खुल्या स्पर्धेत हल्ली मुंबई-ठाण्याची मुलं उतरतात. बक्षिसाची रक्कम बरी असते, येताना समुद्र होतो, मासे होतात. ही मुलगी ठाण्याची, एकोणीस वर्षांची. एका सरकारी कंपनीचं विद्यावेतन मिळतं, दिवसाचे पाच-सहा तास सराव, वर्षभर गावोगावी रँकिंगच्या स्पर्धा. टेबल टेनिस हेच तिचं काम. मी बँकेत तीस वर्षं कॅश मोजली. बोटं अजून चपळ आहेत ती बहुतेक त्यामुळेच, असं मी गमतीनं सांगते. पण मांडी, कंबर आणि गुडघा नोटा मोजून तयार होत नाहीत.

हॉल म्हणजे मंगल कार्यालयच. कोपऱ्यात आदल्या लग्नाच्या झेंडूच्या माळा पडलेल्या, स्वयंपाकघरातून फोडणीचा शिळा वास. डिसेंबर असला तरी मालवणात दुपारी घामाची धार लागते. वर पंखे होते, पण लावता येत नाहीत. बॉलचं वजन २.७ ग्रॅम, पंख्याच्या वाऱ्यानं तो भरकटतो. समुद्राकडच्या खिडक्याही त्याच कारणानं बंद. म्हणजे वारा वीस पावलांवर आणि आपण आत वाफेवर. आमच्या हवेत रबरावर दमट थर धरतो, बॉल पकडच घेत नाही, नुसता घसरतो. ठाण्याची पोरगी दर सहा पॉइंटांनी टॉवेल घेताना बॅट शॉर्टला घासत होती, तोंडाची वाफ मारून पुसत होती, वैतागत होती. मला त्याचं काही नव्हतं. एक तर मी या हवेतच वाढले, आणि दुसरं म्हणजे माझी बॅट घरी तांदळाच्या डब्यात असते. पिशवीत गुंडाळून तांदळात खुपसून ठेवली की पावसाळ्यातसुद्धा रबर कोरडं राहतं. यांनी एकदा झाकण उघडून विचारलं होतं, "आज भातात काय घातलंयस?"

तिच्या बॅटला एका बाजूला गुलाबी रबर होतं. अगदी बाहुलीच्या फ्रॉकसारखं. माझी नजर सारखी तिकडे जायची. मी कॉलेजात खेळायला लागले तेव्हा बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असल्या तरी चालत. दोन बाजूंना दोन जातींची रबरं लावायची आणि हातातल्या हातात बॅट फिरवायची, समोरच्याला पत्ता लागायचा नाही. मग एक बाजू लाल, एक काळी असा नियम आला. २०२१ पासून काळ्याच्या जोडीला गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. मी १९९० च्या सुमाराला खेळ सोडला: बदली, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नेहमीचीच यादी. तीस वर्षांनी परत आले तर घर तेच, पण भिंती कुणीतरी हलवलेल्या. २१ चा गेम ११ चा झालेला. सलग पाच सर्व्हिस मिळायच्या त्या दोनवर आलेल्या. ३८ मिलिमीटरचा बॉल ४० चा झालेला, तोही सेल्युलॉइडचा नाही, प्लास्टिकचा. सर्व्हिस करताना बॉल अंगाआड लपवायचा नाही, निदान १६ सेंटिमीटर वर उडवायचा. माझी सगळी कमाईची सर्व्हिस लपवण्यावरच होती. ती एका फटक्यात बेकायदा.

नियमांचं काही वाटलं नाही, वास गेल्याचं वाटलं. सेल्युलॉइडमध्ये कापूर असायचा. नवा बॉल फुटला की फटीतून देवघरासारखा वास यायचा, आणि फुटलेला बॉल मुलं काडी लावून पेटवायची, भस्सकन जाळ व्हायचा. हल्लीचा बॉल फुटला तर कसलाच वास येत नाही.

दुसरा गेम मी जिंकले. हे सांगायलाच हवं, कारण घरी कुणी विचारत नाही. ११-९. माझ्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे, लांब मऊ दाण्यांचं रबर. त्याची गंमत अशी की ते स्वतःचं काही देत नाही. समोरच्यानं जीव तोडून टॉपस्पिन, म्हणजे पुढे गरगरणारा बॉल, मारला की दाणे वाकतात आणि त्याचाच स्पिन उलटा होऊन त्याच्याकडे जातो. जितकं जोरात माराल तितका बॉल कसनुसा, डगमगत परत येतो. तुमचंच तुम्हाला. म्हाताऱ्या खेळाडूंचं हे आवडतं हत्यार आणि तरुण पोरांचा शाप. आपली मनिका बत्राही तेच वापरते, त्यामुळे ते फक्त थकलेल्यांचं आहे असं कुणी म्हणू नये. गुलाबी रबरवाली पहिल्या गेममध्ये नुसत्या ताकदीवर तरली होती, दुसऱ्यात तिचे बॉल एकामागून एक नेटमध्ये पडायला लागले. प्रत्येक वेळी ती बॉलकडे असं बघायची, जणू तो खोटं बोललाय. मी टेबलापाशी उभी राहून फक्त मनगट हलवत होते. गुडघा दुखत होता आणि मला हसू येत होतं.

मग तिच्या वडिलांनी की सरांनी ब्रेकमध्ये कानात काहीतरी सांगितलं. तिसऱ्या गेमपासून तिनं जोर लावणंच बंद केलं. पिंपलवर मेलेला, स्पिन नसलेला बॉल टाकायचा. त्याचं पिंपलवाल्याला काहीच करता येत नाही, तो तसाच मेलेला परत जातो. आणि असा आयता बॉल आला की माझ्या फोरहँडच्या कोपऱ्यात, जिथे जायला मला दोन पावलं लागतात आणि मी एकच टाकू शकते. दोन गेममध्ये पोरीनं माझी कुंडली मांडली. ११-४. आणि मग तो शेवटचा.

आमच्या गावातल्या आबांची आठवण मॅच चालू असतानाच आली होती, पण तिला नीट समोर घ्यायला मला दोन दिवस लागले.

आबा मुंबईत पोस्टात होते. निवृत्त होऊन गावी आले ते येताना ट्रकमधून सामानाबरोबर एक टेबल घेऊन. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते मांडलं. पावसाळ्यात टेबलाची एक बाजू फुगायची, तिथे पडलेला बॉल भलतीकडेच उडी मारायचा. आम्ही त्या जागेला 'खड्डा' म्हणायचो आणि मुद्दाम तिथे मारायचो. आबा खेळायचे ते बिनस्पंजच्या बॅटनं. पातळ, दाणेदार रबर, थेट लाकडावर. टक-टक-टक असा कोरडा आवाज. त्यांची एक गोष्ट ठरलेली होती, आणि नव्या माणसाला ती ऐकावीच लागे. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, ती त्यांनी पाहिली होती. जपानचा हिरोजी सातो, चष्मेवाला, अंगानं किरकोळ. त्याच्या बॅटला जाड स्पंज. तोवर सगळं जग आवाजावर खेळत होतं. समोरच्यानं बॉल कसा मारला ते कानाला आधी कळायचं. सातोच्या बॅटचा आवाजच नाही. मोठमोठे खेळाडू गोंधळून गेले आणि तो जगज्जेता झाला. "तेच्यानंतर सगळे बहिरे झाले," आबा म्हणायचे. माझी स्पंजची बॅट हातात घेऊन दाबून बघायचे आणि परत द्यायचे. "ही बॅट न्हय गो, गादी आसा. आवाज नाय तर खेळ कसलो?"

१९८६ साली वाचनालयाची स्पर्धा झाली तेव्हा मुली आम्ही दोघीच, म्हणून पुरुषांतच खेळवलं. माझी पहिलीच मॅच आबांशी. ते साठीच्या पुढचे, मी वीस वर्षांची, विद्यापीठाच्या निवडचाचणीला जाऊन आलेली, डोक्यात हवा. पहिला गेम त्यांनी थोडा लांबवला, दुसऱ्यात मी सुटले. २०-४. खोलीत माणसं दाटीवाटीनं उभी होती, आबांचा नातूही होता. धोतर खोचलेलं, बनियन पाठीला चिकटलेलं, प्रत्येक बॉलनंतर ते टेबलाची कड धरून उभे राहत. मला एकाएकी भरून आलं. आपण काय करतोय, म्हाताऱ्या माणसाला, त्याच्याच टेबलावर, असं वाटलं. पाचवी सर्व्हिस मी सरळ टेबलाबाहेर मारली. २०-५. आणि खरं सांगते, मारताना मला स्वतःबद्दल फार छान वाटलं.

आता सर्व्हिस आबांकडे आली. त्यांनी बॉल हातात घेतला, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि तो शांतपणे नेटमध्ये घातला. मग स्वतःच स्कोअर सांगितला, "एकवीस-पाच," आणि हात पुढे केला. रागावले नव्हते. नंतर चहा त्यांनीच मागवला, त्यातली खारी मला दिली. त्या दिवशी मला वाटलं, आबा बिचारे दमले होते.

सदतीस-अडतीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

आता माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते, ते लिहायचंच टाळत होते. १०-१ झालं तेव्हा दुसरी सर्व्हिसही तिचीच होती. मला आबांसारखं करता आलं असतं. बॉल येऊ द्यायचा आणि हात खाली सोडायचा, नाहीतर नेटमध्ये घालायचा, हसून हात पुढे करायचा. तेवढा मान मला राखता आला असता. पण त्या क्षणी मला आबा आठवले ते नुसते दिसले, सुचले नाहीत. माझ्या मनात आलं ते हे, की आता दोन होतील. एक मिळाला की दुसरा हवासा होतो. मी गुडघे वाकवले, होता नव्हता तो सगळा जीव गोळा केला आणि तिच्या सर्व्हिसवर फोरहँड मारला, दिवसभरातला माझा सर्वांत जोराचा फटका. बॉल टेबलाच्या पलीकडे वीतभर बाहेर पडला. म्हणजे भीक मी घेतली ती घेतली, वर वाडगा पुढे धरून उभी राहिले. पोरीनं येऊन वाकून नमस्कार केला. सगळे म्हणाले, संस्कार बघा.

वाकलेल्या त्या पोरीच्या मानेवर घाम होता, आणि मी काय म्हणाले तर, "मोठी हो."

खेळाकडे मी परत आले ती नी शालियानमुळे. जुलै २०२१, बाहेर पाऊस कोसळत होता, लाइट गेलेली, मोबाइलवर टोकियो ऑलिंपिक. लक्झेंबर्गची खेळाडू, मूळची शांघायची. १९८३ साली ती चीनकडून जगज्जेत्या संघात होती, म्हणजे मी दहावी-बारावीत असताना. आणि ही बाई अजून खेळतेय, अठ्ठावन्न वर्षांची, समोर कोरियाची शिन युबिन, सतरा वर्षांची! मी पंचावन्नची, दिवाणावर लोळत, उशीला मोबाइल टेकवून. नी फारशी हलतच नव्हती. डावखुरी, लेखणीसारखी बॅट धरलेली, लाँग पिंपल. ती पोरगी इकडून तिकडे धावत होती आणि ही मधोमध उभी, सुपारी कातरावी तशी. चार-तीन अशी हरली. सातव्या गेमपर्यंत मी उठून उभी राहिले होते. दुसऱ्या आठवड्यात मी ऑनलाइन रबर मागवलं. पॅरिसला २०२४ मध्ये ती परत आली, एकसष्टाव्या वर्षी, पहिली फेरी जिंकली, आणि मग गाठ पडली सुन यिंगशाशी, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या नंबरशी. सरळ चार गेम. तिसरा तेवढा ड्यूसपर्यंत, म्हणजे १०-१० पर्यंत ओढला. लोकांनी तिसऱ्या गेमचं कौतुक केलं. माझं लक्ष सुन यिंगशाच्या चेहऱ्याकडे होतं. त्या चेहऱ्यावर समोर कोण किती वर्षांचं आहे, याची काही नोंद नव्हती. तिला पुढचा पॉइंट हवा होता, बस्स. मला नी शालियानचा फार हेवा वाटला, आणि तो एकसष्टाव्या वर्षी ऑलिंपिक खेळण्याचा नव्हता.

स्पर्धेनंतरच्या सोमवारी सकाळी मी हॉलवर गेले ती गुडघ्याचा पट्टा विसरला होता म्हणून. वाटेत वारा बंदराकडून येत होता, रस्त्यावर सुकटीचा वास. संध्याकाळी तिथे लग्न होतं, मांडववाल्यांचा टेम्पो दारात लागलेला. टेबलं गुंडाळून भिंतीला लावली होती, एक सोडून. त्या एकावर ती मुलगी एकटीच सर्व्हिस करत होती. पलीकडे बॉल पसरले होते, सांडलेल्या पोह्यांसारखे. वडील खाजं घ्यायला बाजारात गेले होते, संध्याकाळी कुडाळहून तुतारी एक्स्प्रेस पकडायची होती. पट्टा तिनंच उचलून खुर्चीवर ठेवला होता.

मी विचारणार नव्हते. विचारलं.

"परवा तू १०-० ला सर्व्हिस नेटमध्ये घातलीस."

"कधी?" तिला खरंच आठवेना. मग, "हां, ते. ते आम्ही सगळ्यांनाच देतो, काकू. शून्यावर नाही हरवायचं. लहानपणापासून सरांनी सवयच लावलीय."

सगळ्यांनाच. म्हणजे नऊ वर्षांच्या पोरालाही, रँकिंगमधल्या मैत्रिणीलाही, आणि मलाही. मला हायसं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी खट्टूही झालं. दोन दिवस मी त्या पॉइंटला कुरवाळत, शिव्या देत बसले होते, तिच्या लेखी तो दाराशी चप्पल काढण्याइतका होता. मी आबांना दिला तो मात्र सवयीचा नव्हता. तो मी दिला होता.

"काकू, बॅट आहे का?" तिनं विचारलं. "मला ते पिंपल नीट कळलंच नाही. पुढच्या स्पर्धेत एक जण आहे पिंपलवाली, मी तिच्याकडून दोनदा हरलेय."

बॅट घरी, तांदळात. यांना फोन केला. हे पायजम्यावरच स्कूटर घेऊन आले, बॅटच्या कव्हरला दोन-तीन तांदळाचे दाणे चिकटलेले. मी साडीत होते. पदर खोचला, पट्टा बांधला. तिनं बोटानं रबराचे दाणे दाबून बघितले, बॅट कानाशी नेऊन टिचकी मारून बघितली. मग आम्ही सुरू केलं. स्कोअर नाही, टाळ्या नाहीत. पाठीमागे मांडववाले कमानीचे बांबू ओढत होते. ती म्हणायची, आता जोरात मारते, कसा येतो बघते. मी ब्लॉक करायची, बॉल नेटमध्ये. परत. परत नेटमध्ये. पाच-सहा बॉलांनंतर तिच्या तोंडून एक शिवी निघाली, बऱ्यापैकी घाण. तिनं जीभ चावून यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत बसून पेपर वाचत असल्यासारखं करत होते. मी म्हटलं, "खांदा नको, मनगट. आणि बॉल खाली आल्यावर." मग दोन नीट आले, तिसरा माझ्या फोरहँडच्या कोपऱ्यात, मला न पोचणारा, सणसणीत. तिनं सॉरी म्हटलं नाही.

मांडववाल्यांचा मुकादम टेबलाशी येऊन उभा राहिला. पिवळ्या कापडाचं गाठोडं खांद्यावर. "बाईनू, ह्या टेबल उचलूचा आसा."

"एकच, दादा," ती म्हणाली. "काकू, एकच."

त्यानं गाठोडं खाली ठेवलं. मी बॉल घेतला.